भाडं कोण भरतं?

मंडी हाउसच्या गोल चौकातून इंडिया गेटकडे निघालं की कोपर्निकस मार्ग लागतो. कमानी सभागृह, एलटीजीचं नाट्यगृह, दूरदर्शन भवन, जुनं महाराष्ट्र सदन आणि टोकाशी बडोद्याच्या गायकवाडांसाठी ल्यूटन्सने बांधलेलं बडोदा हाउस, जिथे आता उत्तर रेल्वेचं मुख्यालय आहे. एवढ्याशा रस्त्यावर मराठी माणसाच्या ओळखीचं बरंच काही उभं आहे. चौकाच्या कडेला रवींद्र भवन, त्यात साहित्य अकादमीचं ग्रंथालय. हिवाळ्यातल्या एका दुपारी तिथून एक मराठी मुलगी वही छातीशी धरून बाहेर पडली. फुटपाथवर तिचे मामा शेंगदाण्याचा पुडा घेऊन उभे होते.

मामा सरकारी लेखापरीक्षणातून निवृत्त झालेले. दिल्लीत पस्तीस वर्षं काढली, तरी पुण्याची कादंबरी आली की मागवून घेणारे. भाची दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या हिंदी नियतकालिकांवर संशोधन करते. त्या आठवड्यात ती ‘मतवाला’ या कलकत्त्याच्या साप्ताहिकाबद्दल वाचत होती. तिच्या वहीत पानाला उभी रेघ मारून दोन रकाने केलेले होते. डावीकडे कथेत काय घडतं, उजवीकडे वाचक काय म्हणाले.

“मामा, ३१ मे १९२४ च्या अंकात पांडेय बेचन शर्मा ‘उग्र’ यांची एक कथा छापून आली. नाव ‘चॉकलेट’. पुरुषाला पुरुषाबद्दल वाटणारी ओढ हा विषय. इतकी खळबळ उडाली की उग्रांनी त्याच साप्ताहिकात त्याच विषयावर आणखी चार कथा लिहिल्या. ऑक्टोबर १९२७ मध्ये पुस्तक आलं. पत्रांचा पाऊस पडला, काही शिव्यांची, काही शाबासकीची.”

“म्हणजे मालिकाच झाली की,” मामा म्हणाले. “आणि शाबासकी कशाबद्दल?”

प्रश्न नेमका होता. कारण उग्रांचा दावा समाजसुधारकाचा होता. हे व्यसन तरुणांना पोखरतं आहे आणि मी त्यावर प्रकाश टाकतो आहे, असं ते सांगत. पण त्यांच्या कथांतले प्रेमिक पुरुष बोलतात फार सुंदर. ते उर्दू शेर म्हणतात, सॉक्रेटिस आणि शेक्सपियर यांचे दाखले देतात. त्यांना गप्प करणारा मित्र त्यांच्यापुढे फिका पडतो. रुथ वनिता यांनी २००९ मध्ये या कथा इंग्रजीत आणल्या. निषेधासाठी लिहिलेल्या या पानांतून त्या काळच्या शहरी, शिकलेल्या, हसतमुख समलिंगी पुरुषांचं जग जिवंत होऊन समोर येतं, हे त्यांनी तेव्हा दाखवून दिलं. विरोधकांनाही नेमकं हेच खुपलं होतं. ‘विशाल भारत’चे संपादक बनारसीदास चतुर्वेदी यांनी या लेखनाला ‘घासलेटी’ म्हटलं आणि त्याविरुद्ध मोहीम उघडली. घासलेट हा शब्द मराठी घराला नवा नाही. साजूक तुपाच्या भांड्यात रॉकेल, असा त्या शिवीचा वास. चतुर्वेदींनी हे प्रकरण गांधीजींपर्यंत नेलं. गांधीजींनी पुस्तक वाचलं आणि लेखकाचा हेतू शुद्ध आहे, असं कळवलं. ते पत्र बरीच वर्षं लोकांसमोर आलंच नाही.

मामांनी वही मागून घेतली. चष्मा कपाळावरून नाकावर आणला, पान बघितलं आणि खिशातल्या पेन्सिलीने उजवीकडे आणखी एक रेघ मारली. तिसरा रकाना. वर लिहिलं: पैसे.

“हे राहिलं होतं तुझं. पहिल्या कथेतला तो दिनकरप्रसाद, बी.ए. झालेला बाबू. आणि तो मुलगा?”

“गरीब नातेवाईक. कोवळ्या वयाचा.”

“मग ही प्रेमकथा नाही. पोराचं वय बघ, त्याच्या घरची परिस्थिती बघ. बाबू शेर म्हणतो, पोरगं काय म्हणतं?”

“फार काही नाही,” भाची म्हणाली. “आणि वयाबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. उग्रांनी मोठी चूक केली ती हीच. लहान मुलाचा गैरफायदा आणि दोन जाणत्या पुरुषांचं प्रेम, या दोन वेगळ्या गोष्टी त्यांनी एका शब्दात कोंबल्या. शंभर वर्षं झाली, तो गुंता अजून सुटत नाही. पण मामा, वाचकांना त्या मुलाची काळजी होती असं तुम्हाला वाटतं? चिंता होती ती ‘चांगल्या घरातली मुलं बिघडतील’ याची. गरीब नातेवाईक कोणाच्या खिजगणतीत नव्हता.”

इथे उग्रांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती या वादात कोणी सांगत नाही. ते मिर्झापूर जिल्ह्यातल्या चुनारच्या अतिशय गरीब ब्राह्मण घरातले. आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून हे मूल जन्मतःच नावापुरतं विकून टाकलं आणि नाव पडलं बेचन. आपल्याकडे अशा मुलाला धोंडू किंवा दगडू म्हणत, त्यातलाच प्रकार. लहानपणी पोटासाठी ते भावाबरोबर रामलीलेच्या मंडळीत गेले, सीतेची भूमिका करू लागले. त्या मंडळीतल्या मोठ्या माणसांचं वागणं त्यांनी ‘अपनी खबर’ या १९६० च्या आत्मकथनात आडपडदा न ठेवता लिहिलं आहे. म्हणजे कथेतल्या त्या मुक्या पोराची जागा कथाकाराने स्वतः जवळून पाहिलेली होती. तरीही कथा लिहिताना बोलायला लावलं बाबूला. उग्र १९६७ साली याच दिल्लीत वारले.

दोघं चालत दूरदर्शन भवनापर्यंत आले होते. भाची थांबली. तिच्या आवाजाला धार आली.

“मला तुमच्या तिसऱ्या रकान्याचा राग येतो, मामा. रकाना चुकीचा नाही, पण तो फक्त आमच्याच विषयाला लावला जातो. गिरणीमालकाची मुलगी आणि गरीब मास्तर, बंगल्यातला तरुण आणि मोलकरणीची पोर, या जोरावर आपला सिनेमा पन्नास वर्षं चालला. या इमारतीतून कारभार चालणाऱ्या दूरदर्शनवर अशा किती मालिका लागल्या! तिथे कोणी विचारतं का, की यांचं पुढे जमेल का, खर्च कोण करणार, एकमेकांशी बोलणार काय? तिथे प्रेम पैशावर मात करतं आणि आई डोळे पुसते. दोन पुरुष आले की लगेच सगळे लेखापरीक्षक.”

मामा यावर लगेच बोलले नाहीत. शेंगदाण्याची टरफलं त्यांनी पुड्यातच ठेवली.

“मॉरिस वाचलंयस?” त्यांनी विचारलं.

ई. एम. फॉर्स्टरची ‘मॉरिस’ १९१३-१४ मध्ये लिहून झाली आणि प्रसिद्ध झाली १९७१ मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर. मधली जवळजवळ साठ वर्षं तिचे वाचक म्हणजे हस्तलिखित हातोहात फिरवणारे मोजके मित्र. कथा अशी: शेअरदलाल मॉरिसचं पहिलं प्रेम जमीनदार घराण्यातल्या क्लाइव्हवर, पण तो लग्न करून मोकळा होतो. शेवटी मॉरिसला साथ मिळते ती त्या जमीनदाराच्याच शिकारराख्याची, अ‍ॅलेक स्कडरची. फॉर्स्टरने ठरवूनच शेवट सुखाचा केला. लिटन स्ट्रेची या मित्राने मार्च १९१५ मध्ये पत्र लिहून शंका काढली: हे दोघं सहा महिन्यांत वेगळे होतील. कारण वर्गाचं अंतर. सामाईक असं त्यांच्यात आहे काय?

“बघ,” मामा म्हणाले, “स्ट्रेची स्वतः त्याच वाटेचा माणूस. त्याला कुठला तिटकारा असणार? तरी त्याने हाच प्रश्न विचारला. म्हणजे हा प्रश्न द्वेषातूनच येतो असं नाही. कथा खरी वाटावी म्हणून वाचक तो विचारतो. सकाळी उठून चहा कोण करतो, भाडं कोण भरतं, आजारी पडलं तर सुट्टी कोणाची कापली जाते? प्रेमाची खरी कसोटी इथे लागते. ज्या कथेत हे नाही ती मला अर्धी वाटते, मग त्यात बाई-पुरुष असोत की दोन पुरुष.”

“आणि स्ट्रेचीचं भाकीत खरं ठरलं का?” भाचीने उलट विचारलं. “फॉर्स्टरला ही कादंबरी सुचली एडवर्ड कार्पेंटरच्या घरी. कार्पेंटर केंब्रिजचा शिकलेला, सुखवस्तू घरातला. त्याचा जोडीदार जॉर्ज मेरिल शेफील्डच्या गरीब वस्तीतला, शाळेचं तोंड जेमतेम पाहिलेला. १८९८ पासून १९२८ मध्ये मेरिल जाईपर्यंत दोघं एका छपराखाली राहिले. तीस वर्षं. तुमचे सहा महिने कुठे गेले? फॉर्स्टरचंही तेच. बॉब बकिंगहॅम हा पोलीस शिपाई त्याला १९३० मध्ये भेटला. बॉबचं लग्न झालं, मूल झालं, तरी ते नातं टिकलं. १९७० मध्ये फॉर्स्टरने शेवटचा श्वास घेतला तो त्या शिपायाच्या घरी.”

मामांना ही माहिती नवी होती आणि त्यांनी ती मान्य केली. पण त्यांच्याकडेही एक पान होतं, आणि ते मराठी राजघराण्यातलं होतं. फॉर्स्टर १९२१ मध्ये देवास थोरली पाती या मराठा संस्थानात तुकोजीराव पवार महाराजांचा खासगी चिटणीस होता. त्या मुक्कामावर त्याने ‘द हिल ऑफ देवी’ लिहिलं, १९५३ मध्ये. पण त्यात जे वगळलं ते त्याच्या मृत्यूनंतर, १९८३ मध्ये छापलं गेलं. राजवाड्यातला एक न्हावी, त्याच्याशी आलेला संबंध, त्याबद्दल महाराजांनी दाखवलेला समजूतदारपणा आणि पुढे त्या न्हाव्याशी आपण क्रूरपणे वागलो याची फॉर्स्टरने स्वतः दिलेली कबुली.

“कागदावर शिकारराख्याला सुख देणारा हाच लेखक,” मामा म्हणाले, “आणि देवासला खरा गरीब माणूस समोर आला तेव्हा? तो साहेब होता, समोरचा चाकर. नाही म्हणायची सोय चाकराला होती का? हे मी विचारायचं नाही तर कोणी?”

भाची गप्प झाली. मग वही उघडून त्या न्हाव्याची नोंद तिने स्वतःच तिसऱ्या रकान्यात केली.

या संवादात इथवर मामांचं पारडं जड वाटेल. ते तसं आहेही. वर्गाचा प्रश्न विचारणारा वाचक कथेचा शत्रू नसतो. पण भाचीच्या रागातही तथ्य आहे आणि ते कळायला वाचकांच्या पत्रांकडेच वळावं लागतं. या प्रांतात मराठीची नोंद अशी आहे की तिचा अभिमान वाटावा.

‘चॉकलेट’चं पुस्तक निघालं त्याच वर्षी, जुलै १९२७ मध्ये, र. धों. कर्वे यांनी मुंबईत ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलं. मासिकात वाचकांचे प्रश्न असत आणि कर्वे त्यांना थेट उत्तरं देत. समलिंगी ओढीबद्दलही लोक विचारत. १९३४ साली अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक प्रश्नांबद्दल लोक विचारत असतील तर त्यांना ज्ञान देणं हाच उपाय, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. लैंगिकतेचे अभ्यासक हॅवलॉक एलिस यांचा आधार त्यांनी घेतला. कर्वे खटला हरले, दोनशे रुपये दंड झाला. कर्व्यांनी मासिक मात्र १९५३ मध्ये आपण जाईपर्यंत चालवलं.

“कर्व्यांना प्रश्न पाठवणारा माणूस कोण असेल, विचार करा,” भाची म्हणाली. “विचारायला डॉक्टर नाही, बोलायला मित्र नाही, खोलीत एकांत नाही. पोस्टाचं तिकीट तेवढं परवडतं. मामा, तुमच्या तिसऱ्या रकान्यातला माणूस तो हाच. तो कथा वाचत नसेल असं तुम्ही धरून चालता. तो वाचतो. आणि त्याला कथेत आधी हवा असतो दिलासा. हिशेब नंतर.”

तिचं दुसरं उदाहरण अमेरिकेतलं होतं. आर्मिस्टेड मॉपिन यांची ‘टेल्स ऑफ द सिटी’ मे १९७६ पासून सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल या दैनिकात रोज थोडी थोडी छापून येई. सकाळच्या चहाबरोबर वाचायची ललित मालिका. एका संपादकाने भिंतीवर तक्ता करून समलिंगी पात्रं एका बाजूला आणि इतर पात्रं दुसऱ्या बाजूला लिहायला सुरुवात केली, पहिल्यांची संख्या वाढू नये म्हणून. मॉपिननी एका कुत्र्यालाही दुसऱ्या बाजूच्या यादीत टाकायला लावलं, हा किस्सा त्यांनी स्वतः अनेकदा सांगितला आहे. पुढे १९७७ मध्ये फ्लॉरिडात अनिता ब्रायंट यांनी समलिंगी लोकांविरुद्ध मोहीम चालवली. तेव्हा मालिकेतला मायकेल फ्लॉरिडातल्या आपल्या आईला पत्र लिहून सांगतो की मी असा आहे. ते पत्र कापून, खाली आपलं नाव घालून कित्येक वाचकांनी आपापल्या आईवडिलांना पाठवलं. मॉपिनच्या घरीही, नॉर्थ कॅरोलायनात, ते वर्तमानपत्र जात होतं. मुलाचं गुपित आईवडिलांना त्या मालिकेतून कळलं.

“यात वर्ग कुठे आहे?” मामांनी विचारलं. ते खवचटपणे बोलत नव्हते, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

“आहे ना. मायकेलजवळ भाड्याचे पैसे नसतात. म्हणून तो एका क्लबात चड्डीवर नाचायच्या स्पर्धेत उतरतो आणि शंभर डॉलर जिंकतो. त्याच रात्री त्याचा डॉक्टर मित्र आपल्या श्रीमंत दोस्तांबरोबर तिथे बसलेला असतो. तो मायकेलला बघतो आणि तोंड फिरवतो.”

“भाडं,” मामा हळूच म्हणाले.

“हो, भाडं. पण वाचक मायकेलच्या बाजूने उभे राहिले, मामा. डॉक्टर परत आला तेव्हा आधी त्याने मान खाली घालावी, असंच त्यांना वाटलं असणार. माझं म्हणणं एवढंच आहे की गरीब बाजूकडून लिहा. मग वाचक पैशाचा प्रश्न विचारतो तोही त्याच्याच बाजूने विचारतो.”

जुन्या महाराष्ट्र सदनाशी दोघं चहासाठी थांबले. बोलणं साहजिकच मराठीवर आणि मुंबईवर आलं. आर. राज राव पुणे विद्यापीठात इंग्रजी शिकवत. त्यांची ‘द बॉयफ्रेंड’ २००३ मध्ये आली. चाळिशीतला, उच्चवर्णीय, इंग्रजीत लिहिणारा पत्रकार युदी आणि चर्चगेट स्टेशनात भेटलेला तरुण मिलिंद महाडिक. पार्श्वभूमीला १९९२-९३ ची मुंबई. मिलिंद दलित आहे. इंग्रजी वाचकाला हे सांगावं लागतं. मराठी वाचकाला नावावरूनच चाहूल लागते. बाबासाहेबांनी औरंगाबादला १९५० मध्ये काढलेल्या महाविद्यालयाचं नाव मिलिंद, आणि त्यानंतर कितीतरी घरांत अभिमानाने ठेवलेलं मुलाचं नाव मिलिंद.

“मी ती वाचली तेव्हा अस्वस्थ झालो,” मामा म्हणाले. “दंगलीत युदीला मिलिंदची काळजी वाटते, ते खरं वाटतं. पण बिलं युदी देतो, मापं युदी काढतो, मिलिंद कसा बोलतो, कसा दिसतो, हेही युदीच सांगतो. शेवटी मिलिंद लग्न करतो. वाचक म्हणतात, बघा, पैशासाठीच होता. मला वाटतं, त्याला विचारलंच कुठे कोणी?”

भाचीने चहाचा पेला खाली ठेवला. “आता तुम्ही माझ्या बाजूला आलात. रावांनी निदान लपवलं नाही. जात, पैसा, इंग्रजी, तिन्ही टेबलावर मांडले. आपल्या प्रेमकथांत ते कितीजणांनी केलं? पण खरं आहे, त्या कादंबरीत मिलिंदचं स्वतःचं पान नाही. आणि गंमत नाही, खंत वाटते की ती ज्या भाषेत आहे त्या भाषेत मिलिंदने ती सहज वाचली नसती.”

मग तिने चौथी रेघ मारली. रकान्याच्या डोक्यावर लिहिलं: कोणाचं पान.

आता एकेक नाव तिथे उतरू लागलं आणि चित्र बदललं. ‘चॉकलेट’: पान बाबूचं. देवास: पान साहेबाचं, न्हाव्याचं नावही आज ठाऊक आहे ते साहेबाने लिहिलं म्हणून. ‘द बॉयफ्रेंड’: युदीचं. सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’मध्ये पुण्याच्या घरातले तनय आणि अनुजा हे भाऊबहीण एकाच भाडेकरूच्या प्रेमात पडतात. मौजेने २००६ मध्ये काढलेल्या या कादंबरीचे दोन भाग आहेत, एक भावाचा, एक बहिणीचा. भाडेकरूला नाव नाही आणि पानही नाही.

“तिथे मात्र भाडं तोच भरतो,” मामा म्हणाले.

“हो. आणि तरी बोलतात घरमालकाची मुलं. मामा, ते पुस्तक मला फार आवडतं. तनयने जेवढं खरं सांगितलं तेवढं मराठीत आधी कोणी सांगितलं नव्हतं. तेंडुलकरांनी १९८१ मध्ये ‘मित्राची गोष्ट’ रंगभूमीवर आणली, तिथेही बाईवर प्रेम करणाऱ्या सुमित्राची गोष्ट आपण ऐकतो ती बापूच्या तोंडून. तिच्यावर मनापासून माया असलेला मित्र, पण सांगणारा तोच.”

मामांनी मान हलवली. त्यांनी ते नाटक रोहिणी हट्टंगडींनी केलेलं पाहिलेलं होतं. मध्यंतरात बाहेर येऊन आपण मित्रांशी या विषयावर एक अक्षरही बोललो नाही, हे त्यांनी भाचीला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. चहा, वडा, पार्किंग, सगळ्यावर बोललो, म्हणाले, फक्त सुमित्रावर नाही. ते सांगताना त्यांचा आवाज खाली गेला होता.

मंडी हाउसहून भगवानदास रोडने सरळ गेलं की सर्वोच्च न्यायालय, चालत जाण्याच्या अंतरावर. ६ सप्टेंबर २०१८ रोजी तिथल्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने जाणत्या व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांना कलम ३७७ मधून बाहेर काढलं. ज्यांच्या नावाने तो निकाल ओळखला जातो ते नवतेज जोहर नर्तक. त्यांच्याबरोबरचे याचिकाकर्ते पत्रकार, शेफ, हॉटेल व्यावसायिक, उद्योजिका. मामांनी अर्थातच याकडे बोट दाखवलं. भाचीने आणखी एका याचिकेची आठवण करून दिली, आरिफ जाफर यांची. लखनौत एड्स प्रतिबंधाचं काम करताना २००१ मध्ये त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पोलिसांनी पकडलं आणि ते ४७ दिवस तुरुंगात होते. निकालाच्या बातम्यांत पहिल्या पाचांचे फोटो मोठे आले. कायद्याची झळ मात्र आधी कोणाला बसते, हे लखनौच्या त्या ४७ दिवसांवरून कळतं. शेफच्या घरी पोलीस सहसा जात नाहीत. बागेतल्या बाकावर, स्टेशनच्या कोपऱ्यात, क्षेत्रकार्याच्या थैलीसह सापडलेल्याला ते उचलतात.

“म्हणजे तुझा चौथा रकाना,” मामा म्हणाले, “माझ्या तिसऱ्याशिवाय भरत नाही.”

“आणि तुमचा तिसरा माझ्या चौथ्याशिवाय अन्याय करतो,” भाची म्हणाली. “पैसे कोणाचे, एवढंच विचारून थांबलात की गरीब माणूस लबाड ठरतो. त्याला बोलू दिलं की कळतं, लग्न का केलं, पैसे का घेतले, का परत आला.”

दोघांचं भांडण इथे मिटलं असं नाही. मामांना अजूनही सुखान्त मालिका फसव्या वाटतात. भाचीला अजूनही वाटतं की सुखान्ताचा हक्क सगळ्यांत शेवटी ज्यांना मिळाला त्यांच्याकडेच पावत्या मागणं बरोबर नाही. या लेखाचं मत विचाराल तर फॉर्स्टरने शेवट सुखाचा केला ते योग्यच केलं, आणि स्ट्रेचीने शंका विचारली तीही योग्यच. चुकलं ते इतकंच, की अ‍ॅलेक स्कडरला ते हस्तलिखित कोणी वाचायला दिलं नाही. शिकारराखे, न्हावी, स्टेशनात भेटलेले तरुण, भाडेकरू हे या कथांत प्रेमपात्र म्हणून येतात. सांगणारे म्हणून येत नाहीत, आणि प्रतिक्रिया देणारा वाचक म्हणून तर त्यांना कोणी धरतच नाही.

मराठीत हे बदलण्याची सोय आहे. ‘मनोरंजन’चा १९०९ चा दिवाळी अंक धरला तर शंभराहून अधिक वर्षं आपल्याकडे ही परंपरा चालू आहे, ‘क्रमशः’ हा शब्द वाचकाच्या अंगवळणी पडलेला आहे आणि वाचकांचा पत्रव्यवहार छापण्याची सवय संपादकांना आहे. एखाद्या साप्ताहिकाने किंवा रविवार पुरवणीने अशी मालिका सुरू करावी. ती नालासोपाऱ्याच्या खोलीतून लिहिलेली असावी, इचलकरंजीच्या मागावरून, नागपूरच्या वसतिगृहातून लिहिलेली असावी. आणि तिच्यावर आलेली पत्रं, रागाची असोत वा आनंदाची, कापाकापी न करता छापावीत. कर्व्यांनी छापली होती. पत्र लिहिणाऱ्याने नाव दिलं नाही तरी चालेल. आपण काय काम करतो आणि खोलीचं भाडं किती भरतो, हे मात्र जरूर लिहावं.